रंभेच्या नावाची हाक

१

रंभाबाईंनी रोह्यात मुलींना अक्षरे शिकवली; त्यांचे चिरंजीव दामोदर त्याच गावात आयुष्यभर मास्तर होते; दामोदरांचा अनय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो; आणि अनयची मुलगी आसावरी पेणच्या घरात बसून दूरदूरच्या कंपन्यांची संगणकाची जाळी सांभाळते. दामोदर हे माझे यजमान. या घराण्यातून आजवर पुष्कळ विद्यार्थी बाहेर पडले. प्रश्नपत्रिका कधी बाहेर पडली नव्हती. ती यंदाच्या माघात पडली, आणि ती मी काढलेली होती.

सोमवारी सकाळी माझा पुतण्या ध्रुव रोह्याहून मोटारसायकल दामटत आला. नदीपलीकडे अष्टमीत त्याचे क्लासेस आहेत. मी त्यांना शिकवणीचे दुकान म्हणते, म्हणून वर्षभर तो माझ्या दारात आला नव्हता.

"काकू, आधी हे वाच, मग ओरड."

त्याच्या हातात झेरॉक्सचा एक चुरगळलेला कागद होता. तिसऱ्या ओळीवर माझी नजर थांबली. पोपटीसाठी वालाच्या शेंगांनी भरलेल्या मडक्याचे घनफळ काढा. हा प्रश्न मी शनिवारी दुपारी स्वतः रचला होता. तो जगात दुसऱ्या कोणाला त्याच आकड्यांसह सुचला असेल, असे मानण्याइतकी मी भोळी नाही.

"कुठे मिळाला?"

"क्लासात, बाकाखाली. झाडताना. तसाच निघालो."

आमचे शिक्षण मंडळ दरवर्षी एक परीक्षा घेते. पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा सारा भार मंडळ उचलते. परीक्षा येत्या रविवारी होती. गणिताची प्रश्नपत्रिका मुख्याध्यापिका असल्यापासून मीच काढत आले, आणि ती परीक्षेच्या सकाळपर्यंत माझ्या घराबाहेर जात नसे.

ध्रुव चहा न घेताच गेला. त्याच्या गाडीचा आवाज विरतो न विरतो तोच फोन वाजला. मंडळाचे कार्यवाह महिपतराव बोलत होते.

"अनसूयाबाई, सांगायला वाईट वाटतं. पेपर फुटला म्हणे. आता बघा, पेपर काढणारीच्या घरात परीक्षेला बसणारी मुलगी जेवते-झोपते. मी तर दिवाळीच्या आधीपासून तुमच्या घराची पायरी चढलो नाही, तरी लोक मला विचारणार. गुरुवारच्या सभेत तिचं नाव कमी करू. पोलिसांत द्यायचं की नाही ते मग बघू. तुमची अब्रू राहील."

"माझ्या अब्रूची राखण मी तुमच्याकडे कधी दिली, महिपतराव?"

मी फोन आपटला आणि वळले. दारात मनाली उभी होती. फोनमधला महिपतरावांचा आवाज तिथपर्यंत पोचला होता, आणि तिच्या हातात घाईने भरलेली कपड्यांची बॅग होती.

२

मनाली ही निडीजवळच्या वाडीतली. वडील गोविंदा भात आणि वाल पिकवतात, आई मैना त्यांच्या बरोबरीने राबते, आणि आजी सगुणा अजून त्या दोघांना धाकात ठेवते. अकरावीपासून मनाली शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. ही मेहेरबानी आहे असे कोणी म्हटले तर मी त्याला बाकावर उभा करीन.

दामोदर तरुणपणी रोह्याच्या वसतिगृहावर होते, तेव्हा कोठीतला तांदूळ नाहीसा होऊ लागला आणि ठपका त्यांच्यावर आला. भरसभेत कोणी तोंड उघडेना. तेव्हा तांदूळ निवडायला येणारी सगुणा उंबरठ्यावर उभी राहिली आणि तिने बोट दाखवले. ज्या विश्वस्तांची जमीन ती कसत होती, बोट त्यांच्यावरच होते. त्या वर्षी तिची जमीन गेली, दामोदरांची नोकरी राहिली. "अनसूया, तिने स्वतःचे घालवून माझे वाचवले. हे देणे नुसते उपकार करून फिटायचे नाही," असे ते अखेरपर्यंत म्हणत.

"आजी, मी जाते," मनाली म्हणाली. "तुमच्या नावाला बोल लागायला नको."

"बॅग खाली ठेव."

"पण महिपतराव सर म्हणत होते—"

"बॅग. खाली."

तिने ठेवली.

"पेपर पाहिलास?"

"नाय."

"माझ्या संगणकाला हात लावलास?"

"व्हय. पुसला." माझा चेहरा पाहून ती घाईने म्हणाली, "फडक्यानं हो! फरशीवाल्यांची धूळ बसली होती. बंद होता तवा."

ती खरे बोलत होती. खोटे बोलणारे विद्यार्थी मी जन्मभर पाहिले. त्यांना फडके आठवत नाही. आणि धुळीचे तर विचारूच नये. फरशीचे काम संक्रांतीआधी निघाले ते संपता संपेना. म्हणून माझ्या सुनेने, ईराने, यंदा हळदीकुंकू आमच्या घरी केलेच नाही. पेणच्या साऱ्या बायका गाड्यांत भरून निडीला नेल्या आणि मैनेच्या सारवलेल्या अंगणात समारंभ केला. वाणाचे उरलेले स्टीलचे डबे अजून स्वयंपाकघरात माझ्या पायांत येत होते.

"तू रविवारी परीक्षेला बसणार आहेस," मी मनालीला म्हटले. "आत जाऊन अभ्यास कर."

"अन् नाव काढलं तर? बाबा म्हणतात, यंदा नाय जमलं तर धाटावला कंपनीत पॅकिंगला जायचं. शिफ्टला."

"नाव काढणाऱ्याचे नाव आधी मी काढीन."

तेवढ्यात वरून आसावरीची हाक आली.

"आजी, तिला दरडावून झालं असेल तर इकडे ये. शनिवारी दुपारी आपल्याकडे एक पाहुणा आला होता. कुणी त्याला पाहिलं नाही."

३

आसावरीच्या संगणकावर चित्रे नसतात. काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. मला तो आवडतो, फळ्यासारखा दिसतो.

"आपल्या वायफायच्या राउटरनं शनिवारची नोंद ठेवलीय," ती म्हणाली. "हे आपले मोबाइल. ही मंडळाच्या ऑफिसातली प्रतिक्षा, ती दुपारी कोरे कागद द्यायला आली होती. आणि त्याच वेळी हा आणखी एक. ओळखीचा नाही. थोडा वेळ जोडला गेला आणि गेला. पेपर संगणकावर कुठे ठेवला होतास?"

"फॉर्म ठेवते त्याच कप्प्यात."

"जो मंडळासाठी वायफायवर उघडा ठेवलाय, कुलूप नसलेला?"

मी नाइलाजाने मान हलवली.

"पाहुणा कोण ते सांग," मी म्हटले.

"हल्लीचे मोबाइल खरा पत्ता देत नाहीत, बनावट देतात. पण तो किती लांबून बोलत होता ते कळतं. हा आकडा बघ, उणे आहे. शून्याच्या जितका जवळ, तितकं यंत्र जवळ. घरातले सगळे उणे पन्नासच्या आत-बाहेर. हा उणे ऐंशीच्याही पलीकडे."

तिने आपला लॅपटॉप उचलला आणि एक आज्ञा अशी दिली की त्यातल्या वायरलेस कार्डाला सिग्नल किती मिळतो तो आकडा सारखा खाली उमटत राहावा. मग आम्ही दोघी घरभर फिरलो. मनालीच्या खोलीत आकडा जवळचा. अंगणात थोडा दूरचा. फाटकाशी आणखी. मागच्या गल्लीत, बदामाच्या झाडाखाली, जिथे लोक गाड्या लावतात, तिथे तो नोंदीतल्या आकड्याशी येऊन टेकला.

"इथे," आसावरी म्हणाली.

"मनालीची खोली राउटरला लागून आहे. तिला इथे उन्हात येऊन उभे राहायचे कारण काय?"

"महिपतराव म्हणतील, मुद्दाम आली असेल."

"म्हणतील. म्हणून नुसते ‘कुठून’ हे पुरेसे नाही. कोण ते हवे."

आसावरी झाडाखालीच कट्ट्यावर बसली. "आजी, दिवाळीत तू काय हुकूम केला होतास?"

दिवाळीत नवे राउटर आले, तेव्हा तिने आमच्या जाळ्याला माझ्या सासूबाईंचे नाव दिले होते: रंभा. गल्लीतल्या प्रत्येक रिक्षावाल्याच्या मोबाइलवर ते नाव झळकू लागले. मी ते तिथल्या तिथे लपवायला लावले.

"लपवलं," आसावरी म्हणाली. "पण लपलेलं जाळं आपलं नाव स्वतः सांगत नाही ना. मग जो मोबाइल त्यात एकदा शिरला, त्यालाच नाव घेऊन विचारत फिरावं लागतं. बाजारात, एसटी स्टँडवर, रोह्याच्या पुलावर. रंभा आहे का, रंभा आहे का? आपल्या कानांना ऐकू येत नाही, इतकंच."

"म्हणजे मी सासूबाईंचे नाव झाकायला सांगितले, आणि तू ते गावोगाव पुकारत फिरवलेस?"

"तू फिरवलंस. मी तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, वाद नको."

"उलट उत्तर देऊ नकोस."

"बरं. पण यातच आपलं काम आहे." तिने तीन ओळी टाइप केल्या. "हे कार्ड एरवी फक्त आपल्या जाळ्याचं ऐकतं. आधी त्याला बंद केलं. मग त्याचा प्रकार बदलला. मग पुन्हा चालू केलं. आता ते कुणाशी बोलत नाही, हवेत चाललेलं नुसतं ऐकतं."

"चोरून ऐकणे माझ्या घरात चालणार नाही."

"बोलणं नाही गं, ते कुलपातच असतं. फक्त दारात मारलेली हाक."

"मग ऊठ," मी म्हटले. "माझ्या सासूबाईंना कोण हाका मारतो, ते मला बघायचे आहे."

४

मंगळवारी मंडळाच्या कचेरीत शिरताच आसावरीच्या काळ्या पडद्यावर ते नाव उमटले. पुन्हा. आणि पुन्हा. आकडा अगदी जवळचा होता. खोलीत आमच्याखेरीज फक्त प्रतिक्षा होती, आणि आमचे दोघींचे मोबाइल आम्ही बंद करून बाहेर गाडीत ठेवले होते.

"प्रतिक्षा, तुझा मोबाइल आमच्या घराचे नाव घेतो आहे."

तिच्या हातातला शिक्का खाली पडला. "मॅडम, तो तर तुम्हीच जोडून घेतला होतात! फॉर्म मला थेट घेता यावेत म्हणून. मी पेपर नाही हो घेतला. माझी पोरगी चौथीत आहे, मी कुणासाठी घेऊ?"

"रडू नकोस. मी आरोप केलेला नाही, प्रश्न विचारते आहे. प्रश्नाला उत्तर असते, अश्रू नसतात." मी तिला पाणी दिले. "शनिवारी तुझा मोबाइल घराच्या आतून बोलत होता, त्याची वेगळी नोंद आहे. तू आलीस कशी?"

"सरांच्या गाडीतून. महिपतराव सरांच्या."

"ते आत आले नाहीत."

"नाही, मागच्या गल्लीत गाडीतच बसले. म्हणाले, बाई चहाला बसवतील, उशीर होईल."

आसावरीने मान वर केली. मी तिच्याकडे पाहिले नाही.

"तुझा मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हातात जातो?"

"कुणाच्याच नाही. म्हणजे… सर मागतात कधी. त्यांचं चार्जिंग संपतं ना."

"सर आत्ता कुठे आहेत?"

"रोह्याला. लेकीकडे. नातू आजारी आहे म्हणाले."

बाहेर येताच आसावरी म्हणाली, "झालं की! एका मोबाइलवरचा वायफाय दुसऱ्यावर न्यायला एक चौकोनी चित्र दाखवलं की पुरतं. तिचा मोबाइल हातात घेतला, स्वतःचा जोडून घेतला, शनिवारी गाडीत बसून पेपर काढला."

"गाडीत बसणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याचा फोन मागणे हाही नव्हे. तू उत्तर लिहिलेस, पायऱ्या गाळल्यास. मी अशाला गुण देत नाही."

"मग?"

"कागद ध्रुवच्या क्लासात सापडला. पेपर फुटला तर सगळ्यांत जास्त फायदा क्लासवाल्याचा. माझ्या घरच्या माणसाला मी आधी तपासते. गाडी काढ."

५

अष्टमीत ध्रुवच्या क्लासाच्या वरच्या मजल्यावर चढताना माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली आणि मी ती फेटाळली. क्लास चालू होता. मुलांच्या मागे, भिंतीला लागून, एक पत्र्याची ट्रंक होती.

"ही कशाला?" मी विचारले.

"पोरांचे मोबाइल," ध्रुव म्हणाला. "आत आले की ट्रंकेत. तू म्हणतेस दुकान, पण दुकानात शिस्त हाय, काकू."

"आहे म्हण. तुझा मोबाइल दे."

त्याने दिला. आसावरीने तो शेजारी ठेवून कितीतरी वेळ पडदा न्याहाळला. काही उमटले नाही.

"आजी, गप्प मोबाइल निर्दोष ठरत नाही," ती मला हळूच म्हणाली. "नाव पुसता येतं त्यातलं. हाक मारणारा सापडतो. न मारणाऱ्याबद्दल काही सांगता येत नाही."

ध्रुवने ते ऐकले. त्याचा आवाज चढला. "काकू, मला तुझा पेपर वाटायचा असता, तर माझ्याच बाकाखालचा कागद घेऊन मी तुझ्या दारात कशाला आलो असतो? वर्षभर तू माझं तोंड बघितलं नाहीस. बोलणी खायला आलो?"

ही पायरी मला मान्य होती. "सोमवारी तू आणखी कोणाला सांगितलेस?"

"कुणालाच नाय. कागद खिशात घातला, तुझ्याकडे आलो. परत आलो तेव्हा पोरांना पण विचारलं नाय, तूच नको म्हणालीस."

मी खुर्चीत सरळ बसले. ध्रुव माझ्या फाटकातून बाहेर पडला, आणि पाठोपाठ महिपतरावांचा फोन आला. पेपर फुटला म्हणे. कोणी म्हणे? ध्रुवने सांगितले नाही, मी सांगितले नाही. ज्याच्या हातून तो कागद हरवला होता, त्याच्याखेरीज त्या घडीला दुसऱ्या कोणाला ते कळायला वाट नव्हती.

"सोमवारपासून कोण मुलगा येत नाही?"

"एकच. ऋत्विक. ताप आलाय म्हणे."

"कोणाचा कोण?"

"तुमच्या कार्यवाहांच्या लेकीचा. शनिवारी संध्याकाळी वेगळ्या बॅचला बसला होता. कागद सापडला त्याच बाकावर."

आसावरी माझ्याकडे पाहत राहिली, पण तिच्या नजरेत आता विजय नव्हता, राग होता. तो माझ्याकडून तिच्यात आला आहे. तिने गाडीत ठेवलेला स्वतःचा मोबाइल आणला आणि चालू केला. पडद्यावर रंभेचे नाव उमटू लागले. मग ध्रुवच्या ट्रंकेचे झाकण उचलून तिने तो आत ठेवला आणि झाकण लावले.

नाव थांबले. झाकण उघडले, नाव आले.

"पत्रा हाक बाहेर जाऊ देत नाही," ती म्हणाली.

"ईराला फोन लाव," मी म्हटले. "म्हणावे, वाणाचे उरलेले सगळे डबे घासून ठेव. घट्ट झाकणाचेच."

६

गुरुवारच्या सभेला अध्यक्ष डॉक्टर, दोन सभासद आणि महिपतराव होते. प्रतिक्षा इतिवृत्त लिहायला बसली होती. ध्रुवला मी बोलावले होते. मनाली, गोविंदा आणि मैना बाहेरच्या बाकावर होते. मी आत जाताना मैनेने माझा हात धरला. "बाई, आमची पोर तशी नाय हो."

"मला सांगू नकोस. आत मी सांगते."

कचेरीतले वायफाय आसावरीने आधीच बंद केले होते, म्हणजे प्रत्येक मोबाइल आपापले ओळखीचे दार शोधू लागेल. मी टेबलावर डबे मांडले.

"प्रत्येकाने आपला मोबाइल एकेका डब्यात ठेवावा. बंद करायचा नाही."

महिपतराव हसले. "हे काय, अनसूयाबाई? वाण लुटताय? सरूनं आणलाय की असला डबा घरी. चांगला आहे हो, पोहे राहतात त्यात."

सरू म्हणजे त्यांच्या पत्नी.

"ठेवा," मी म्हटले.

सगळी झाकणे लागली; आमचे दोघींचे मोबाइल गाडीतच बंद होते. पडदा कोरा झाला. आसावरीने रंभेच्या नावाची गोष्ट सभेला थोडक्यात सांगितली. मग मी एकेक डबा उघडत गेले. डॉक्टरांचा मोबाइल: काही नाही. दोघा सभासदांचे: काही नाही. ध्रुवचा: काही नाही. प्रतिक्षाचा: रंभा. तो का जोडला होता आणि शनिवारी तो घराच्या आत होता, हे मी सांगितले आणि झाकण लावले.

शेवटचा डबा उघडला.

रंभा. रंभा. रंभा. फळ्यावर हट्टी मुलाने एकच शब्द गिरवावा तसे ते नाव पडद्यावर खाली खाली उमटत राहिले.

"महिपतराव," मी म्हटले, "माझ्या सासूबाईंशी तुमची ओळख कधी झाली?"

"अहो, पूर्वी सभांना यायचो तुमच्याकडे, तेव्हा कधी जोडला असेल."

"हे नाव दिवाळीत ठेवले. त्याआधीपासून आपण पायरी चढला नाहीत. आपलेच शब्द आहेत."

एक क्षण ते डब्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका उमटली.

"हां! सरू! संक्रांतीला तुमच्याकडे हळदीकुंकवाला आली ना, तेव्हा तिचा मोबाइल बिघडला होता. माझाच घेऊन आली होती. तुमच्या सूनबाईंनी जोडून दिला असणार. विचारा तिला."

मी सावकाश चष्मा काढला. तो काढून ठेवला की शाळेत वर्ग गप्प होत असे.

"संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्या घरी झाले नाही. फरशी उखडलेली होती. ते निडीला झाले, बाहेर बाकावर बसलेल्या मैनेच्या अंगणात. तुमच्या पत्नीही तिथेच आल्या, आमच्याच गाडीतून. साऱ्या पेणच्या बायकांना हे ठाऊक आहे. तुम्हाला नाही, कारण आपली बायको कुठे गेली होती हे विचारण्याची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. घरात डबा दिसला, आणि बाकीचे तुम्ही गृहीत धरलेत."

मग प्रतिक्षाने पेन खाली ठेवले.

"सर, माझा मोबाइल तुम्ही मागून घ्यायचात, तेव्हा तुमचा चालू असायचा. मी पाहिलंय. मी नोकरीसाठी गप्प बसले."

मी पायऱ्या क्रमाने मांडल्या. मागच्या गल्लीतली गाडी. तिथून मिळणारा दूरचा आकडा. उघडा कप्पा. शनिवारी संध्याकाळी ऋत्विकच्या हातून पडलेला कागद, आणि तो कागद क्लासात राहिला हे लक्षात येताच आलेला नातवाचा ताप. कोणी सांगण्याआधी आलेला फोन. आणि बोट दाखवायला सोयीची, वाडीतली एक मुलगी.

महिपतरावांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "एकुलता नातू आहे, बाई. गणितात कच्चा आहे. त्याचा बाप नाही."

"आणि ती कोणाची नात नाही?"

त्यांनी हात टेबलावरून काढून घेतले.

अध्यक्ष डॉक्टर सज्जन आहेत. सज्जनांना आवाज सहन होत नाही. "अनसूयाबाई, आपण इथंच मिटवू या. महिपतराव प्रकृतीच्या कारणानं राजीनामा देतील. मुलीचं नाव कायम राहील. इतिवृत्तात काही नको. कारण नोंद झाली, तर पेपर तुमच्या संगणकावरून गेला हेही येईल. तुमची इतक्या वर्षांची…"

"येईल ना."

"अहो, पण तुमचं नाव—"

"डॉक्टर, चार दिवस या मुलीचे नाव पेणपासून रोह्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर फिरते आहे. ते तुम्ही कुजबुजत परत आणणार? नोंदीशिवाय लोक म्हणतील, बाईंनी आपल्या आश्रितेला वाचवले. दार उघडा. त्या तिघांना आत घ्या. खुर्च्या द्या." माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "प्रतिक्षा, पेन उचल. लिही. प्रश्नपत्रिका अनसूयाबाईंच्या संगणकावरील कुलूप नसलेल्या कप्प्यातून गेली. ते कुलूप लावणे ही त्यांची जबाबदारी होती. प्रश्नपत्रिका कार्यवाह महिपतराव यांनी नेली. मनाली गोविंदा हिचा या प्रकाराशी कोणताही संबंध नाही, आणि तिच्यावर आरोप केल्याबद्दल मंडळ तिची माफी मागते. अनसूयाबाई यापुढे मंडळाची प्रश्नपत्रिका काढणार नाहीत. रविवारची प्रश्नपत्रिका डॉक्टरांनी अलिबागच्या एखाद्या शिक्षकाकडून काढून घ्यावी."

प्रतिक्षा लिहिता लिहिता थांबली. "मॅडम, शेवटचं पण?"

"शेवटचे ठळक अक्षरात. आता वाच, मोठ्याने. बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल असे."

तिने वाचले. मनाली उभी होती, तिला खुर्ची दिली होती तरी. डॉक्टरांनी तिच्यासमोर हात जोडले. गोविंदाने टोपी काढली, आणि काय करावे न कळून पुन्हा घातली.

पेणला परतताना वडखळच्या नाक्यावर वाहने तुंबली होती, तेव्हा आसावरीने विचारले. "आजी, वायफायचं नाव बदलू का?"

"नाही. लपवलेले मात्र उघड कर. ज्याला वाचायचे त्याला वाचू दे."

७

रविवारी मनाली परीक्षेला बसली, आणि मी निडीला गेले. सगुणा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. तिला आता कमी दिसते, पण बोटे चुकत नाहीत. मी तिच्याशेजारी बसले. फरशीपेक्षा सारवलेली जमीन थंड लागते.

"मैनानं सांगितलं समदं," ती म्हणाली. "तू सोताचं नाव लिवून घेतलंस म्हनं. पेपर बी सोडलास."

"हो."

"जड गेलं?"

"फार जड गेले. अजून राग येतो."

"मलाबी यायचा. जमीन गेली तवा लय वर्सं येत व्हता." तिने एक शेंग माझ्या हातात ठेवली, मी सोलावी म्हणून. "तवा तुझा मास्तर इथंच बसला व्हता. म्हनला, सगुणा, हे मी कसं फेडू? मी म्हनले, मला काय देऊ नको. माझ्या माघारी कुनी आसंच एकटं उभं राह्यलं, तर तुमच्या घरातलं कुनीतरी उठू दे. अन् उठताना सोताचं काय जातंय ते बघू नको."

हे मला दामोदरांनी कधी सांगितले नव्हते. मी शेंग सोलली. दाणे तिच्या सुपात टाकले.

"उठलीस गो तू," सगुणा म्हणाली. "फिटलं."